गाठीतली 'स्टेम' पेशी ओळखायची कशी

परवा आमच्या लॅबमधली एक विद्यार्थिनी फ्लोचा प्लॉट, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राचा आलेख, नाचवत आली. "मॅडम, सापडल्या स्टेम सेल! चक्क १४ टक्के!"

स्तनाच्या गाठीचा नमुना होता. एका अक्षावर सीडी४४, दुसऱ्यावर सीडी२४ (ही पेशीच्या अंगावरची प्रथिनं, ओळखखुणा म्हणून वापरतात ती, म्हणजेच मार्कर), आणि कोपऱ्यात तिने नीट काढलेला चौकोन. सीडी४४ पॉझिटिव्ह, सीडी२४ लो. पुस्तकात असतं तसं.

"सीडी४५ लावलं होतंस?"

ती गप्प. गोठवून ठेवलेली उरलेली व्हायल आम्ही वितळवली, सीडी४५ हा पांढऱ्या पेशींचा मार्कर लावला, आणि चौकोनातली बहुतेक गर्दी उठून बाजूला गेली. त्या पांढऱ्या पेशी होत्या, गाठीत शिरलेल्या. सीडी४४ त्यांच्या अंगावर भरपूर असतं आणि पुष्कळांच्यात सीडी२४ नसल्यात जमा. मला तिला हसायचा अधिकार नव्हता. माझ्या पहिल्या वर्षी मीही असाच चौकोन काढून आठवडाभर हवेत होते.

तेव्हा हे लिहिते आहे ते तिच्यासारख्यांसाठी. हातात गाठीचा ताजा तुकडा आहे आणि त्यातल्या मूलपेशींसारख्या पेशी शोधायच्या आहेत, तर कुठून सुरुवात करायची, कुठे पाय घसरतो, आणि शेवटी नेमकं काय म्हणता येतं.

आधी शोधताय काय ते ठरवा

कॅन्सर स्टेम सेल म्हणजे काय, यावर २००६ साली अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चच्या कार्यशाळेत एक व्याख्या ठरली, ती अजूनही कामाची आहे. गाठीतली अशी पेशी जी स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करू शकते आणि गाठीतल्या बाकी तऱ्हेतऱ्हेच्या पेशीही निर्माण करू शकते. या व्याख्येत मार्करचं नाव कुठेच नाही. दोन्ही अटी पेशी काय *करते* याबद्दलच्या आहेत. अंगावर कोणतं प्रथिन आहे ही तिची ओळख नाही, फार तर पत्ता. आणि पत्त्यावर कुणीही राहायला येऊ शकतं.

दुसरा घोळ असा की लोक हिला 'कॅन्सर जिच्यापासून सुरू झाला ती पेशी' समजतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गाठ कुठल्या पेशीत सुरू झाली हा इतिहासाचा प्रश्न. आज ही गाठ कोण चालवतंय हा वर्तमानाचा. रुग्णाच्या तुकड्यावर तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर शोधताय.

तुकडा हातात आल्यावर

रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही, हे गृहीत धरते. तुकड्यावर पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा. निदानाला लागेल तेवढं ते घेतील, उरलेलं तुमचं. त्यांच्याशी गोडीत राहा. गाठीचा कुठला भाग जिवंत आहे आणि कुठला मधोमध कुजलेला, हे त्यांना नजरेने कळतं. कुजलेल्या भागातून आलेला नमुना दिवसभर घाम काढतो आणि शेवटी मेलेल्या पेशींशिवाय काही देत नाही. तुकडा थंड मीडियममध्ये, म्हणजे पेशी जगवणाऱ्या द्रावणात, आणायचा. कुणी सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर स्लाइडसाठी ठीक, जिवंत पेशींचा विषय तिथे संपला. म्हणून बाटली आपणच भरून, चिठ्ठी लावून आधी पोचवावी.

आता बारीक करणं. पेट्री डिशमध्ये दोन सर्जिकल ब्लेड घेऊन मिलिमीटरभराचे तुकडे होईपर्यंत चिरायचं. कंटाळा येतो, पण इथे वाचवलेली दहा मिनिटं पुढे तासभर महागात पडतात. मग पेशींमधलं जाळं तोडणारं एन्झाइम कोलॅजिनेज आणि सोबत डीएनए तोडणारं डीएनेज, ३७ अंशांवर, हलवत हलवत. डीएनेज कशाला, असं नवी मुलं विचारतात. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए लाळेसारखा तार धरतो आणि जिवंत पेशींनाही आपल्यात गुंडाळून घेतो. पिपेट वर खेचलं की टोकाला लोंबणारा गोळा दिसतो, तो हाच. डीएनेज घातलं की पाच-दहा मिनिटांत तो विरघळतो. ते काम करायला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे बफरमध्ये ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) असेल तर डीएनेज नुसतं नावाला राहतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन नमुने वाया गेल्यावर समजलं.

ट्रिप्सिनला मात्र हात लावू नका. जी प्रथिनं बघून तुम्ही पेशी ओळखणार, तीच ट्रिप्सिन कुरतडतं. सीडी४४ त्यात सहज उडतं. सकाळी पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या, दुपारी सीडी४४ निगेटिव्ह आलं, आणि संध्याकाळी कुणी तरी 'या गाठीत स्टेम सेल नाहीत' असा निष्कर्ष काढला, असं घडलेलं मी पाहिलंय. प्लेटवरच्या पेशी सोडवायच्या असतील तर ॲक्युटेजसारखं सौम्य काही तरी वापरा. आणि कुठलंही एन्झाइम असो, एकदा एवढं करून बघा: ज्यावर तुमचा मार्कर नक्की आहे अशी ओळखीची सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढणाऱ्या पेशी) घ्या, निम्म्या पेशींना ते एन्झाइम तेवढाच वेळ द्या, निम्म्यांना देऊ नका, आणि दोन्हींवर अँटीबॉडी (मार्करला जाऊन चिकटणारं, रंग लावलेलं प्रथिन) लावा. फ्लोच्या आलेखातली दोन शिखरं एकमेकांवर बसली तर पुढे जा.

मग ७० मायक्रॉनची गाळणी, नंतर ४०ची. लाल पेशी फोडायचं द्रावण दोन-तीन मिनिटं, जास्त नको. मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजणी. निम्म्याहून जास्त पेशी निळ्या दिसल्या तर मी त्या दिवशी सॉर्टिंग, म्हणजे मार्करनुसार पेशी वेगळ्या करणं, करत नाही. पेशी गोठवते, आरएनए काढते, काय करायचं ते करते, पण त्यावरून टक्केवारी सांगत नाही.

मार्कर लावताना

कुठल्या गाठीत कुठला मार्कर, याची यादी सगळीकडे मिळते. त्यामागचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातूनच सावध कुठे राहायचं ते कळतं.

१९९४मध्ये टोरांटोतल्या जॉन डिक यांच्या गटाने दाखवलं की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) प्रतिकारशक्ती कमी असलेल्या उंदरात उभा करू शकणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात, रुग्णाच्या रक्तातल्या सुमारे अडीच लाख पेशींत एक, आणि त्या सीडी३४ पॉझिटिव्ह, सीडी३८ निगेटिव्ह गटात सापडतात. २००३मध्ये मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरमध्ये सीडी४४ पॉझिटिव्ह, सीडी२४ लो पेशी वेगळ्या केल्या. अशा अवघ्या १०० पेशींनी उंदरात गाठ धरली, बाकीच्या हजारो पेशींनी धरली नाही. पुढच्याच वर्षी पीटर डर्क्स यांच्या गटाने मेंदूच्या गाठीत सीडी१३३ घेऊन तसंच दाखवलं, १०० पॉझिटिव्ह पेशी पुरल्या आणि एक लाख निगेटिव्ह पुरल्या नाहीत. २००७मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही सीडी१३३ आलं.

मग एकेक भोक दिसू लागलं. काही ग्लायोब्लास्टोमांत (मेंदूच्या आक्रमक गाठींत) सीडी१३३ निगेटिव्ह पेशीही गाठ करतात असं निघालं. ल्युकेमियाची गोष्ट तर मजेदार आहे. २००८मध्ये लक्षात आलं की सीडी३८ पॉझिटिव्ह पेशी उंदरात न वाढण्यामागे अँटीबॉडीचाच हात होता. पेशीवर चिकटलेली सीडी३८ची अँटीबॉडी बघून उंदराची उरलीसुरली प्रतिकारयंत्रणा त्या पेशी गिळत होती. आपणच चिठ्ठी लावायची, चिठ्ठीमुळे पेशी मरायची, आणि आपण म्हणायचं की हिच्यात दम नाही. मी हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

सीडी१३३ वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. एसी१३३ नावाची प्रसिद्ध अँटीबॉडी ज्या भागाला चिकटते तो भाग प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्यांशी बांधलेला आहे. पेशी बदलत गेली की प्रथिन तिथेच असतं, एमआरएनएही (जनुकाचा संदेश) असतो, पण तो भाग झाकला जातो. म्हणून संदेश मोजणाऱ्या पीसीआरमध्ये सीडी१३३ दिसलं आणि फ्लोवर नाही दिसलं, तर लगेच मशीनला शिव्या घालू नका. दोघंही खरं बोलत असू शकतात.

आता प्रत्यक्ष ट्यूब. क्रम माझा असा: एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दहा मिनिटं, मग वंशाच्या मार्करांचं मिश्रण सगळं एकाच रंगात, म्हणजे पांढऱ्या पेशींसाठी सीडी४५, रक्तवाहिन्यांच्या अस्तरासाठी सीडी३१, लाल पेशींसाठी सीडी२३५ए, आणि गाठीप्रमाणे फायब्रोब्लास्टचं काही. या रंगात उजळलेलं सगळं टाकून द्यायचं. दुसऱ्या रंगात एपकॅम, म्हणजे उरलेलं खरंच एपिथेलियल (अवयवांच्या अस्तराच्या पेशींचं) आहे का ते कळेल; गाठ मेंदूची असेल तर अर्थातच एपकॅमचा उपयोग नाही. नंतर तुमचे दोन आवडते मार्कर. आणि मेलेल्यांसाठी ७-एएडी किंवा डॅपी हे रंग, अगदी शेवटी.

मेलेल्या पेशी हा या धंद्यातला सगळ्यात मोठा चोर. त्या कुठलीही अँटीबॉडी चिकटवून घेतात आणि चौकोनात 'दुर्मिळ पॉझिटिव्ह' म्हणून बसतात. तुम्ही शोधताय त्या पेशी अर्धा टक्का असतील आणि मेलेल्या पेशी तीस टक्के, तर ते अर्धा टक्का कुणाचं आहे हे वेगळं सांगायला नको. त्याच्या खालोखाल जोडपी. एक सीडी४४वाली आणि एक दुसरी कुठली तरी पेशी चिकटून गेल्या की मशीनला एकच 'दोन्ही पॉझिटिव्ह' पेशी दिसते. एफएससी-एरिया विरुद्ध एफएससी-हाइट (पेशीच्या आकाराच्या संकेताचं क्षेत्रफळ आणि उंची) काढा आणि तिरप्या रेषेबाहेरचं सगळं कापा. सढळ हाताने कापा.

चौकोनाची रेघ कुठे मारायची यासाठी एफएमओ, म्हणजे एक सोडून बाकी सगळे रंग लावलेली ट्यूब. आयसोटाइपवर, म्हणजे मार्कर न ओळखणाऱ्या तुलनेच्या अँटीबॉडीवर, मी भरवसा ठेवत नाही. सीडी४४सारख्या मार्करला नीट दरी नसते, एकसंध डोंगर असतो आणि रेघ तुम्ही मारता. रेघ बोटभर इकडेतिकडे झाली की टक्केवारी दुप्पट होते. त्यामुळे रेघ आधी एफएमओवर मारायची, मग नमुना उघडायचा. नमुना बघून रेघ हलवायचा मोह होतो. माउस खाली ठेवावा.

एएलडीएच, जरा सविस्तर

पृष्ठभागावरच्या मार्करांपेक्षा मला एएलडीएच, म्हणजे अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज या एन्झाइमची चाचणी आवडते, कारण इथे पेशीला काही तरी करून दाखवावं लागतं. २००७मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये तिचा उपयोग दाखवला गेला. तत्त्व असं: अल्डिफ्लुअर या किटमधलं चमकणारं रसायन पेशीत मुक्तपणे आत-बाहेर करतं. ज्या पेशीत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज भरपूर आहे, ती त्याच्यावर विद्युतभार चढवते, आणि तो चढला की ते आतच अडकतं. पेशी हिरवी चमकते. डीईएबी हे त्या एन्झाइमला अडवणारं औषध. ते घातलेली ट्यूब म्हणजे तुमची शून्य पातळी.

आता हात कसा चालवायचा. दोन ट्यूब स्टँडमध्ये शेजारीशेजारी. एक 'चाचणी', एक 'डीईएबी'. पेशी सगळ्या चाचणीच्या ट्यूबमध्ये, एक मिली. डीईएबीच्या ट्यूबमध्ये पाच मायक्रोलिटर डीईएबी घालून *लगेच झाकण बंद*. ते अल्कोहोलात असतं, उघडं राहिलं तर उडतं. मग चाचणीच्या ट्यूबमध्ये रसायन घालायचं, एकदा ढवळायचं आणि त्याच क्षणी त्यातलं अर्धा मिली उचलून डीईएबीच्या ट्यूबमध्ये. त्याच क्षणी म्हणजे त्याच क्षणी. मध्ये फोन घेतला, टिप बदलायला शोधाशोध केली, की प्रतिक्रिया सुरू झालेली असते आणि तुमची शून्य पातळीच थोडी हिरवी होते. मग चौकोन वर सरकतो आणि खऱ्या पॉझिटिव्ह पेशी बाहेर राहतात. त्यानंतर ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास. किती वेळ ते प्रत्येक गाठीसाठी एकदा तपासून ठरवा.

बाहेर काढल्यावर सगळं बर्फावर, आणि धुणं-रंगवणं किटमधल्याच बफरमध्ये. पेशींच्या पडद्यात बाहेर फेकणारे पंप असतात, ते ऊब मिळाली की चमक बाहेर उपसून टाकतात. थंडी आणि बफरमधला अवरोधक मिळून ते पंप गप्प ठेवतात. एकदा मी बर्फाचा डबा दुसऱ्याला दिला आणि ट्यूब वीस मिनिटं रॅकवर राहिल्या. एएलडीएच पॉझिटिव्ह शून्य. त्या नमुन्याच्या वहीत अजून लाल शाईने 'बर्फ!' लिहिलेलं आहे.

प्रत्येक नमुन्याची डीईएबी ट्यूब त्याच नमुन्याची हवी. कालच्या नमुन्याची रेघ आजच्याला चालत नाही.

होक्स्ट ३३३४२ रंगाची 'साइड पॉप्युलेशन' पद्धत याच पंपांवर चालते. १९९६मध्ये अस्थिमज्जेतल्या मूलपेशींसाठी ती आली. रंग बाहेर फेकणाऱ्या फिक्या पेशींची आलेखात शेपटी दिसते; पंप अडवणाऱ्या व्हेरापामिलने ती शेपटी नाहीशी होते का ते बघणं हे तिचं नियंत्रण. पण होक्स्ट स्वतः विषारी आहे, त्यामुळे रंग बाहेर न फेकणाऱ्या पेशी पुढे वाढल्या नाहीत तर दोष त्यांचा की रंगाचा, हे सांगता येत नाही. मी ही पद्धत सोडून दिली.

गोलक: दिसतात छान, फसवतात त्याहून छान

सॉर्टर १०० मायक्रॉनच्या नोझलवर, दाब कमी, पेशी थंड मीडियममध्ये गोळा. पॉझिटिव्ह गोळा करताना निगेटिव्हही तेवढ्याच काळजीने गोळा करा. तुलना त्यांच्याशीच होणार आहे. सॉर्ट झालेल्यातल्या काहीशे पेशी पुन्हा मशीनमधून सोडून शुद्धता बघा.

मग सीरम नसलेला मीडियम, बी२७ हे पोषक मिश्रण, ईजीएफ आणि एफजीएफ हे वाढीचे घटक, दोन्ही प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिली हा नेहमीचा आकडा, आणि पेशी चिकटणार नाहीत अशी प्लेट. आठवड्याभरात काही पेशींचे गोल गोल चेंडू होतात, तेच गोलक. लोक मोजतात आणि लिहून टाकतात की इतके टक्के स्टेम सेल.

मी एकदा निम्म्या पेशींना हिरवा आणि निम्म्यांना लाल रंग देऊन एकत्र पेरल्या, मिलीला वीस हजार. एका पेशीपासून गोलक झाला असता तर तो पूर्ण हिरवा किंवा पूर्ण लाल दिसायला हवा. चौथ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली प्लेट ठेवली आणि जवळजवळ प्रत्येक गोलक खिचडी. लाल-हिरवे ठिपके एकमेकांत घुसलेले. पेशी वाढल्या नव्हत्या, भेटल्या होत्या. तेव्हापासूनचे माझे नियम: पेरणी विरळ, शक्यतो ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये खान्यात एक पेशी. पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघून खरंच एक आहे का ते लिहून ठेवायचं. आणि इन्क्युबेटरमधली प्लेट विनाकारण हलवायची नाही. प्लेट हलली की गोलक मधोमध जमतात आणि एकमेकांना चिकटतात.

पहिल्या फेरीचे गोलक मोजण्यात अर्थ नाही. मध्यम वाढ क्षमता असलेल्या पेशीही एकदा गोलक करून दाखवतात. ते फोडून, पुन्हा एकेक पेशी करून, दुसरी, तिसरी फेरी करा. स्वतःसारखी पेशी निर्माण करते का, हा प्रश्न तिथे सुरू होतो. त्यातले काही गोलक सीरममध्ये घालून चिकटू द्या आणि मूळ गाठीतल्या वेगवेगळ्या पेशींचे मार्कर त्यांच्यात उमटतात का बघा. व्याख्येतली दुसरी अट ती.

प्रमाण काढायचं तर मर्यादित विरलन करा. समजा ९६ खान्यांपैकी २४-२४ खान्यांत १, ५, २० आणि १०० पेशी टाकल्या. दहा दिवसांनी फक्त एवढंच विचारायचं: गोलक आहे की नाही. किती आहेत ते नाही. खान्यात सरासरी एक गोलक करणारी पेशी पडत असेल, तर नशिबाच्या गणिताने सुमारे ३७ टक्के खाने रिकामे राहतात. २० पेशींच्या २४ खान्यांपैकी ९ रिकामे राहिले, म्हणजे ३७.५ टक्के, तर प्रमाण साधारण वीसात एक. सगळ्या पातळ्या एकत्र घेऊन हिशेब करायला 'एल्डा' हे मोफत साधन आहे. ते किती खात्रीने म्हणता येतं तेही सांगतं, आणि 'एकच पेशी पुरते' हे गृहीतक तुमच्या आकड्यांना लागू पडतं का तेही तपासतं. ते तपासणं वगळू नका. शंभर पेशींचे सगळे खाने भरले आणि वीसचा एकही नाही, तर पेशींना शेजार लागतोय, आणि मग प्रमाणाचा आकडा खोटा ठरतो.

उंदीर

हेच विरलन उंदरात केलं तर ती या क्षेत्रातली कसोटी. प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी, प्रशिक्षित हात, आणि महिनोन्‌महिने थांबायची तयारी. प्रत्येकाला हे जमेलच असं नाही, आणि न जमल्यास कमीपणा मानू नये, फक्त तेवढा दावाही करू नये.

इथला सगळ्यात मोठा धडा २००८चा. तोपर्यंत मेलानोमात (त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये) गाठ करणाऱ्या पेशी अतिदुर्मिळ मानल्या जात. शॉन मॉरिसन यांच्या गटाने प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेले उंदीर घेतले, पेशी मॅट्रिजेल या आधार देणाऱ्या जेलमध्ये मिसळून दिल्या, जास्त आठवडे वाट पाहिली. रुग्णांच्या गाठींतल्या न निवडलेल्या एकेकट्या पेशी टोचल्या, तरी सरासरी २७ टक्के पेशींनी गाठ केली. दर चारांत एक! पेशी तशाच होत्या, उंदीर बदलला होता. म्हणून प्रमाण लिहिताना कुठला उंदीर, कुठे टोचलं, मॅट्रिजेल होतं का, किती आठवडे पाहिलं, हे चार तपशील आकड्याला चिकटूनच यायला हवेत.

गाठ आली की आनंदाने मोजपट्टी घेऊन धावू नका. आधी स्लाइड करा आणि रुग्णाच्या मूळ स्लाइडशेजारी ठेवून पॅथॉलॉजिस्टला दाखवा. अशा उंदरांत कधी कधी वाढतो तो एपस्टीन-बार विषाणूवाल्या बी-पेशींचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर). रुग्णाच्या तुकड्यासोबत गेलेल्या पांढऱ्या पेशींतून तो येतो. बाहेरून गाठ गाठीसारखीच दिसते. मानवी सीडी४५ लावा, लगेच उघडं पडतं. आणि ती गाठ फोडून पुन्हा फ्लोवर नेताना उंदराच्या पेशी एच-२के अँटीबॉडीने वगळा, नाही तर उंदराचं स्ट्रोमा, म्हणजे आधाराचं ऊतक, मोजत बसाल. मग तिच्यातल्या पॉझिटिव्ह पेशी दुसऱ्या उंदरात, तिथून तिसऱ्यात.

स्लाइड आणि एकेका पेशीचा आरएनए

उंदीर नसेल तर जागा बघा. पॅराफिन स्लाइडवर मार्कर लावण्याचा फायदा हा की पेशी कुठे बसली आहे ते दिसतं. मेंदूच्या गाठींत अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून दिसतात हे २००७मध्ये दाखवलं गेलं. सॉक्स२ हे मूलपेशींतलं प्रथिन केंद्रकातच दिसायला हवं. सायटोप्लाझ्ममध्ये धूसर तपकिरी दिसतंय ते पॉझिटिव्ह नव्हे. ऑक्ट४ या तशाच दुसऱ्या प्रथिनावर तर दुप्पट संशय घ्या. त्याची नक्कल असलेली निष्क्रिय जनुकं जिनोममध्ये अनेक आहेत, आणि प्राइमर नीट निवडले नाहीत तर पीसीआर त्यांनाच वाढवून दाखवतं. कितीतरी 'ऑक्ट४ पॉझिटिव्ह' गाठी अशाच जन्माला आल्या.

एकेका पेशीचा आरएनए वाचणं आता पुष्कळ ठिकाणी होतं. २०१४मध्ये पाच ग्लायोब्लास्टोमांतल्या ४३० पेशी वाचल्या गेल्या, आणि मूलपेशीपणा हा हो-नाही असा खटका नसून चढण आहे हे दिसलं. तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी. आधी क्रोमोसोमांच्या कमी-जास्तीवरून कॅन्सरच्या पेशी कुठल्या आणि साध्या कुठल्या ते वेगळं करा. ग्लायोब्लास्टोमात सातवा क्रोमोसोम वाढलेला आणि दहावा हरवलेला, ही बहुतेक वेळा पुरेशी खूण असते. दुसरं, फॉस आणि जून जनुकं भडकलेला एखादा गट दिसला तर नवा प्रकार सापडल्याचा जल्लोष करू नका. ३७ अंशांवर एन्झाइममध्ये तासभर ठेवलेल्या पेशींचा तो आरडाओरडा असू शकतो. आणि वाढणाऱ्या पेशींची जनुकं 'स्टेम' यादीत मिसळून गेलेली असतात. ती काढून पुन्हा बघा, गट टिकतो का.

निगेटिव्ह ट्यूब फेकू नका

हे मी शेवटी ठेवलं, कारण तोवर सगळे दमलेले असतात आणि निगेटिव्ह ट्यूब सिंकमध्ये जाते.

२०१७मध्ये जपानमधल्या तोशिरो सातो यांच्या गटाने माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑर्गनॉइड (लॅबमध्ये वाढवलेल्या इवल्या गाठी) घेऊन, जनुक संपादनाने एलजीआर५ या आतड्याच्या मूलपेशींच्या मार्करवाल्या पेशींवर खूण केली आणि हव्या तेव्हा मारता येतील अशी सोय केली. त्या मारल्यावर उंदरातली गाठ आक्रसली. मारणं थांबवलं, तर ज्या पेशी आधीच मोठ्या होऊन केराटिन २० (पक्व पेशींचा मार्कर) दाखवत होत्या, त्यांच्यातूनच एलजीआर५ पेशी परत आल्या आणि गाठ वाढू लागली. म्हणजे आज निगेटिव्ह चौकोनात बसलेली पेशी दोन आठवड्यांनी पॉझिटिव्ह असू शकते. म्हणून निगेटिव्ह पेशी प्लेटवर वाढवा, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा फ्लोवर न्या, आणि किती जणी पलीकडे गेल्या ते लिहा. सॉर्टची शुद्धता आधीच तपासलेली असेल तर हा आकडा खरा. नसेल तर तिथे आधीपासूनच लपलेल्या पॉझिटिव्ह पेशी वाढल्या असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबर असेल.

अहवालात मी 'कॅन्सर स्टेम सेल वेगळ्या केल्या' असं लिहू देत नाही. फक्त फ्लो केलं असेल तर मार्करचं नाव आणि टक्केवारी. गोलकांच्या तीन फेऱ्या केल्या असतील तर 'गोलक करणाऱ्या, वारंवार'. उंदरात लागोपाठ गाठ धरली आणि ती गाठ मूळ रुग्णाच्या गाठीसारखी निघाली, तर 'गाठ सुरू करणाऱ्या'.

त्या विद्यार्थिनीने त्यानंतर नवा नमुना सॉर्ट केला. सीडी४५ वगळून चौकोनात उरल्या दीड टक्का. फ्रीजरच्या डब्यातल्या तिच्या जुन्या व्हायलींवर मार्करने 'स्टेम' आणि 'नॉन-स्टेम' लिहिलेलं होतं. नव्यांवर बारीक अक्षरात '४४+ २४लो ४५–, शुद्धता ९६' आणि तारीख आहे. दुसऱ्या व्हायलीवर 'बाकी सगळ्या, चौदाव्या दिवशी बघणे'.